तोंड पाण्यात घालायचं एवढंच बाकी आहे

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मला लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही, म्हणून मी बोलते आणि फोन लिहितो. टॅन्सीने, माझ्या नातीने, नाताळात ही सोय करून दिली. हिरव्या बटणावर बोट ठेवायचं, बोलायचं, बोट काढायचं. काय लिहिलंय ते मला कधीच कळणार नाही. इतकी गुप्त रोजनिशी राजवाड्यातसुद्धा कुणी ठेवली नसेल.

टॅन्सी दोन रात्री राहिली आणि परत टोबॅगोला गेली. तिकडे समुद्र कोमट असतो म्हणे. लोकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून ती त्यांना समुद्राच्या तळाशी नेते आणि परत आणते. परत आणणं महत्त्वाचं. स्टेशनवर गाडीत चढताना म्हणाली, आजी, एकदा ये ना तिकडे, तुला पाण्याखाली नेते, कासवं दाखवते. दार बंद होत होतं तेव्हा म्हणाली. नुसतं तोंडदेखलं बोलायचं असतं तर दार बंद होईपर्यंत थांबली असती.

तेव्हा आमंत्रण पक्कं. मीही पक्कं ठरवलंय. वय शहात्तर, म्हणजे घाई केलेली बरी.

७ जानेवारी, मंगळवार
दैव म्हणतात ते हेच. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर दर मंगळवारी संध्याकाळी डायव्हिंग क्लब भरतो, आणि तो क्लब यंदा नोव्हेंबरात नेमका टोबॅगोला निघालाय. शेजारच्या ओल्वेनने तिथल्या दारावरची पाटी वाचून दाखवली. वाचताना हसली. ओल्वेन वेल्सची आहे, पाटीत काही नसलं तरी हसते.

क्लबचा म्होरक्या डेस्मंड. निवृत्त प्लंबर, मिशा ओल्या. त्याने विचारलं, आजीबाई, पाण्याची सवय आहे का? म्हटलं, बाळा, माझा जन्मच पाण्यावरचा. खोटं नाही. कोळशाच्या बोटीवर, कॅनॉलमध्ये, दोन लॉकच्या, म्हणजे पाणी अडवायच्या दरवाजांच्या, मध्ये जन्मले. आईने बाळंतपण केलं आणि दुपारी सुकाणू धरलं. डेस्मंडने वही काढली. माझं नाव घातलं.

एक किरकोळ गोष्ट राहिली. मला पोहता येत नाही. आम्हा बोटवाल्यांत कुणालाच यायचं नाही. पोहायला शिकायचं म्हणजे आपली बोट बुडणार असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. आई मला पट्ट्याने धुराड्याला बांधून ठेवायची, की झालं. पण मी विचार केला, डायव्हिंग म्हणजे पोहणं नव्हे. डायव्हिंग म्हणजे खाली जाणं. खाली जायला शिकावं लागत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
पहिला धडा. गुडघ्यापर्यंत. उत्तम प्रगती.

बाकीचे नळीतून श्वास घेत तळाशी बसले होते. मी पायरीवर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवलं. डेस्मंडच्या लक्षात आलं की ही बाई माणसं सांभाळू शकते. त्याने चहाचं सगळं खातं माझ्याकडे दिलं. मोठं भांडं, कप, बिस्किटं. एवढी जबाबदारी पहिल्याच दिवशी कुणी देत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
टॅन्सीचा फोन आला. तिला अजून काही सांगितलेलं नाही, गंमत राहायला हवी. नुसतं विचारलं, तिकडे म्हाताऱ्या बायका काय घालतात गं? म्हणाली, आजी, का? म्हटलं, ओल्वेन विचारत होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार
डेस्मंड म्हणतो, आजीबाई, सगळ्यात आधी तोंड पाण्यात घालता आलं पाहिजे, बाकीचं पुढे. एवढंच बाकी आहे तर.

म्हणून आज घरी सराव. बेसिन भरलं, क्लबातून आणलेला काचेचा मुखवटा चढवला, वाकले. हनुवटी ओली झाली. तेवढ्यात ओल्वेन साखर मागायला आली. दारात उभी राहून म्हणाली, अगं थर्झे, तोंड धुतेयस की मासा पकडतेयस? मी म्हटलं, प्रवासाची तयारी करतेय. ती म्हणाली, लोक बॅग भरतात गं, बेसिन नाही. तिला साखर दिली नाही.

हनुवटी मात्र आता पूर्ण तयार आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
आज जरा गैरसमज झाला. नवी मंडळी तळाशी छान बसली होती, मला कौतुक वाटलं. पायरीवरून वाकून त्यांना अंगठा वर करून दाखवला, शाब्बास म्हणून. सगळेच्या सगळे वर आले. घाबरलेले. एकाने विचारलं, काय झालं, आग लागली का? डायव्हर लोकांत अंगठा वर म्हणजे ताबडतोब वर या. डेस्मंडने मुखवटा काढला. मग म्हणाला, आजीबाई, खूश असाल तर बोटांचा गोल करून दाखवा. नाहीतर, खरं सांगू, हात खिशातच ठेवा.

पण माझ्या एका अंगठ्याने अख्खा क्लब वर आला. एवढा अधिकार तिथे दुसऱ्या कुणाला आहे?

३० मार्च, रविवार
इथला मातृदिन. टॅन्सीचा फोन आला नाही. मी तिची आई नाही, तेव्हा नियमाप्रमाणे बरोबरच आहे. आई तिची स्पेनला. कुठे, ते स्पेनलाही माहीत नसेल. पोरगी सहा वर्षांची असताना मी आणि माझ्या नवऱ्याने, एनॉकने, बोटीवर आणली, तेव्हापासून आमचीच. एनॉक गेला, बोट विकली, पोरगी टोबॅगोला. मी इथे. कॅनॉल खिडकीतून दिसतो. त्यात हल्ली सुट्टीवाले बोटी चालवतात आणि किनाऱ्याला आपटतात. बघून करमणूक होते.

ओल्वेनला तिच्या मुलाने फुलं पाठवली. दाखवायला आणली. म्हटलं, छान, पण फार वेळ टिकत नाहीत ही.

१२ एप्रिल, शनिवार
क्लबसोबत जुन्या खाणीवर गेले. पाण्याने भरलेली खाण, तळाशी मुद्दाम बुडवलेली बस. वर थंडी अशी की किटलीची वाफसुद्धा थरथरत होती. ही माणसं रबराचे कपडे चढवून, शिव्या देत, बस बघायला खाली गेली. बस त्यांना वर रस्त्यावर फुकट दिसते. पण छंदाला कारण विचारू नये.

मी काठावर राहून पाण्याचा अभ्यास केला. बेकनचे रोल केले. प्रत्येकजण वर येऊन म्हणाला, आजीबाई, तुम्ही नसता तर मेलो असतो. मला वाटतं, टोबॅगोला माझ्यावाचून त्यांचं चालायचं नाही.

तोंड घालणार होते. पण पाणी हिरवं होतं.

६ मे, मंगळवार
डॉक्टरकडे गेले. खाली जायच्या आधी त्याची परवानगी लागते. त्याने छाती ऐकली, पाठ ऐकली, परत छाती ऐकली. म्हणाला, कोळशाच्या बोटीवर किती वर्षं होतात? म्हटलं, जन्मापासून. म्हणाला, या फुप्फुसांनी पाण्याखाली कधीच नाही. डॉक्टर फार तरुण आहे. कधीच म्हणजे काय हे कळायला त्याला अजून वेळ लागेल.

डेस्मंडला सांगितलं, डॉक्टर म्हणाला बघू.

८ जून, रविवार
दोन रविवार फोन नव्हता, आज आला. थोडक्यात. टॅन्सी म्हणाली, कासवांचा अंडी घालायचा हंगाम आहे, फार धावपळ. आवाज बसलेला होता. सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात म्हणाली, आजी, ठेवते, बोट सुटतेय. बोटवाल्याच्या घरात हे कारण चालतंच.

१ जुलै, मंगळवार
मोठी प्रगती. ओठांपर्यंत. नाक राहिलं. नाक म्हणजे सरहद्दच.

डेस्मंड बाजूला घेऊन बसला. म्हणाला, आजीबाई, मी काय म्हणतो, तुम्ही डायव्हर म्हणून नका येऊ, पाहुण्या म्हणून या. तिथे काचेच्या तळाची बोट असते. आरामात बसायचं, खाली बघायचं, कासवं दिसतात. केस ओले होत नाहीत. मी म्हटलं, विचार करते. विचार केला. तात्पुरती तडजोड म्हणून ठीक आहे. तिथलं पाणी कोमट, स्वच्छ. टॅन्सीने हात धरला की तोंड आपोआप जाईल. हा प्रश्न इथल्या पाण्याचा आहे, माझा नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
डेस्मंड बहिणीला घेऊन पुढच्या आठवड्यात टोबॅगोला पाहणी करायला चाललाय. राहायची जागा, बोटी, सगळं आधी डोळ्यांनी बघणार. प्लंबर माणूस, नळ उघडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

मी ठरवलं, आता टॅन्सीला कळवायचं. गंमत गंमत म्हणून किती दिवस? आणि बोटवाली बाई न सांगता कुणाच्या धक्क्याला बोट लावत नाही. जागा असते नसते. आमच्यात कुणालाच लिहिता यायचं नाही, म्हणून सांगावा धाडायचा. समोरून बोट आली की ओरडून सांगायचं, अमक्याच्या बायकोला मुलगी झाली. ती बोट पुढच्या बोटीला सांगणार. लंडनला बाळंतीण झालेली बाई दोन दिवसांत सगळ्या कॅनॉलला माहीत. सांगावा चुकला असं कधी झालं नाही, परत आला असंही नाही.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तिची बोट सुटते.

तेव्हा डेस्मंडला चहाच्या टेबलाशी उभं केलं आणि सांगावा पाठ करून घेतला. टॅन्सी, आजी नोव्हेंबरात येतेय, तुझ्याकडे निजायला जागा कर, नसली तर जमिनीवर चालेल. त्याने दोनदा म्हणून दाखवला. दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज जरा घोगरा झाला. क्लोरिनने होतं.

सोबत आल्याचा केक दिला, पत्र्याच्या डब्यात. टॅन्सीला वरचा चिकट भाग आवडतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार
डेस्मंड आला. डबा परत आणला. केक तसाच.

त्याने सगळ्यांचा चहा होऊ दिला. मग मी कप धुवत होते तिथे आला आणि कप पुसायला लागला. कधी पुसत नाही. म्हणाला, आजीबाई, टॅन्सी तिथे नाही. मे महिन्यातच तिथून निघाली. खोल पाण्यात तिच्या कानाचा पडदा फाटला, आता खाली जाता येत नाही. ती इंग्लंडात परत आलीय. प्लिमथला असते, बंदराजवळ कुठल्याशा दुकानात मांस-कांदा भरलेल्या पेस्ट्या भाजते. तिच्या तिथल्या मैत्रिणीने सांगितलं.

मी म्हटलं, पेस्टी? तिला कांदा चालत नाही.

मग मी म्हटलं, तो कप पुसून झालाय.

२७ ऑगस्ट, बुधवार
आज काही नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
केक ओल्वेनला दिला. तिने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, उरला होता. तिने एक तुकडा खाल्ला आणि चहाला पाणी ठेवलं.

३१ ऑगस्ट, रविवार
टॅन्सीचा फोन.

मी म्हटलं, कशी आहेत कासवं? म्हणाली, मजेत. आता पिल्लं निघतायत, रात्री वाळूतून समुद्राकडे पळत सुटतात. खूप छान सांगत होती. किती बारीक असतात, कशी धडपडतात, कशी काही वाट चुकून दिव्यांकडे जातात. मी ऐकत राहिले. मग म्हटलं, वारं असतं का गं तिकडे? कानाला रुमाल बांधत जा. ती थांबली. म्हणाली, कानाला का? म्हटलं, सहज. लहानपणी तुझा कान दुखायचा, मी कांदा भाजून मोज्यात घालून कानाला लावायचे, वासाने अख्खी बोट जागी व्हायची. ती हसली. मग नाक ओढलं. मग बोट सुटली.

२ सप्टेंबर, मंगळवार
दोन दिवस विचार केला. आता लख्ख कळलं. इतकं सोपं होतं आणि मी उगाच जेवण टाकलं.

टॅन्सी मला चकित करणार आहे. गुपचूप इंग्लंडात आली, एक दिवस दारात येऊन उभी राहणार. म्हणून सांगत नाही. कान बरा व्हायची वाट बघत असेल, आजीला काळजी नको म्हणून. मी नोव्हेंबरची गंमत तिच्यापासून लपवली, ती ही माझ्यापासून लपवतेय. वाढवली कुणी तिला? गुण उतरणारच.

डेस्मंडला बजावलं, मला काही माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. तो म्हणाला, बरं, आजीबाई. मिशी पुसली. कोरडी होती.

१३ सप्टेंबर, शनिवार
छोट्या खोलीत पलंग लावला. नवी चादर, पिवळी. खिडकी घासली. ओल्वेन म्हणाली, कोण येतंय? तिला सांगितलं, कुणाला सांगू नकोस या अटीवर. ओल्वेन पलंगावर बसली, नव्या चादरीवर. म्हणाली, अगं थर्झे, प्लिमथला गाडी जाते की. सकाळी बसलीस तर दुपारी तिच्या हातची पेस्टी खाशील. मी येते सोबत, मला बंदर बघायचंय.

तिला कसं समजावणार? बोलावल्याशिवाय कुणाच्या धक्क्याला बोट लावायची नसते. ओल्वेन म्हणाली, ती पोर आहे, धक्का नाही. वेल्सच्या लोकांना कॅनॉल कळत नाही. आणि मी गेले तर तिचा सगळा बेत फुकट जाईल.

३० सप्टेंबर, मंगळवार
क्लबला गेले नाही. ती नेमकी मंगळवारी आली आणि घराला कुलूप असलं तर? आता जमेल तेवढं घरातच. वाणसामान ओल्वेन आणते. चुकीची बिस्किटं आणते.

८ ऑक्टोबर, बुधवार
टोबॅगो रद्द केलं. वाईट वाटलं नाही. जी कासवं दाखवायला टॅन्सीच नाही, ती नुसती बघून काय करू?

डेस्मंड निरोप घ्यायला घरी आला. तो क्लबातून बाहेर पहिल्यांदाच दिसला, कपड्यांत बारीक वाटतो. म्हणाला, तुम्ही नाहीत तर चहा कोण करतो माहितीये? मीच. लोक नळाचं पाणी प्यायला लागलेत. मग जरा वेळाने म्हणाला, आजीबाई, माझी गाडी आहे. म्हणाल त्या दिवशी प्लिमथला सोडतो. दारापर्यंत येत नाही, गाडीतच बसतो. मी म्हटलं, तू फार भला आहेस पण तुझ्या पोटात गुपित राहत नाही. तो हसला नाही. जाताना दाराची कडी ढिली होती ती बसवून गेला.

१९ ऑक्टोबर, रविवार
फोन नाही. तयारीत असेल.

२ नोव्हेंबर, रविवार
क्लबाची मंडळी आज विमानात बसली. सकाळी डेस्मंडने विमानतळावरून फोन केला. मागे सगळे एकदम ओरडले, आजीबाई! खूप गलका. ऐकू आलं नाही काही नीट.

संध्याकाळी टॅन्सीचा फोन. म्हणाली, आजी, यंदा नाताळात मला येता यायचं नाही. इकडची सगळी विमानं भरलीत. मी म्हटलं, हो ना, लांबचा प्रवास. ती म्हणाली, तू रागावलीस? म्हटलं, वेडी आहेस का, कासवांना सोडून कशी येशील?  तिच्या मागून कुणीतरी हाक मारली, टॅन्सी, भट्टीतून काढ गं, जळतंय! ती म्हणाली, आजी, बोट. म्हटलं, जा बाळा, सुटेल.

म्हणजे नाताळातच येणार. उघड आहे. नाही म्हटल्याशिवाय चकित कसं करणार?

आता एकच काम राहिलं. ती दारात उभी राहील तेव्हा मला काही माहीत नव्हतं असं दिसलं पाहिजे. डोळे मोठे, तोंड उघडं, अगं बाई, टॅन्सी, तू! दुपारपासून आरशासमोर करून बघतेय. दरवेळी रडल्यासारखं दिसतं.

सराव हवा.